पाच पांढऱ्या बरण्या

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले मामा चौथी शिकलेले. मी तिथली शिक्षिका, रसायनशास्त्राची एम.एस्सी., तीही पहिल्या वर्गात. हे मी तेव्हा दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत असे, म्हणून आधीच सांगून टाकते.

परीक्षानळ्या धुवायच्या, बरण्या पुसायच्या, मुलींनी फोडलेल्या काचा वेचायच्या, हे मामांचं तीस वर्षांचं काम. निवृत्तीला चार महिने उरले होते. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कपाट उघडलं, तर पाच बरण्यांवर लेबलंच नाहीत! सुट्टीत डिंक संपला, म्हणून या गृहस्थांनी घरून कणकेची खळ शिजवून आणली होती आणि तिनं लेबलं चिकटवली होती. कागद खाणाऱ्या कसरीला आयतं जेवण मिळालं. तळाशी नुसता कागदाचा भुगा उरला होता.

रजिस्टरमध्ये पाच नावं होती: मीठ, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा आणि फोटोग्राफर वापरतात तो हायपो. पाचही पांढरी. कोण कुठल्या बरणीत, ते देव जाणे.

मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, तासाभरात ‘कणकेच्या खळीनं लेबलं चिकटवल्याबद्दल’ असा मेमो टाइप करून घेऊन आल्या. "संध्याकाळपर्यंत ओळखता आलं नाही तर सगळं फेकून द्या. परीक्षा पुढं जाईल, आणि हा कागद यांच्या सेवापुस्तकात लागेल."

मामांनी मेमोची घडी करून खिशात ठेवली. "तीस वर्षांत पहिला," एवढंच म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. मला त्यांचा राग आला होता, तो तिथल्या तिथे ओसरला.

"त्यात काय एवढं!" मी म्हटलं आणि बर्नर पेटवला. तारेच्या टोकावर एकेकाचा कण घेऊन ज्योतीत धरला. पहिली ज्योत पिवळीधमक. दुसरीही पिवळी. पाचव्यापर्यंत माझा चेहरा उतरला. पाचांतही सोडियमच, मग वेगळा रंग कुठून यायचा? पहिल्या वर्गाचं हे असं झालं.

मामा मात्र ज्योतीकडे बघत राहिले होते. "बाई, बघा तरी. एक पाव फुगवतो, एक कपडे धुतो, एक चरबीचा साबण करतो, एक फोटो पक्का करतो, एक भाजीत पडतो. आणि आतून सगळे एकाच घरचे!"

मी शंभर वेळा तो रंग पाहिला होता. आश्चर्य वाटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मग ते कामाला लागले. पाच तबकड्यांत चिमूट चिमूट काढून ठेवलं आणि खुशाल चहा पीत बसले. चहा संपेपर्यंत एका तबकडीतल्या गोळ्यांना घाम फुटला, ओल्या चिकट झाल्या. "हा कॉस्टिक. हवेतलं पाणी ओढतो. हात लावू नका, कातडी खातो." उरलेली चार तापलेल्या पत्र्यावर टाकली, त्यातलं एक तडतडलं. मीठ! उरलेल्या तिघांवर त्यांनी आम्लाचे थेंब सोडले. दोन फसफसले. तिसरं आधी स्वच्छ राहिलं आणि मग हळूहळू दुधाळ झालं. काडी ओढल्यावर येतो तसा वास आला. तो हायपो.

राहिले दोन सोडे. धुण्याच्या सोड्याचे खडे असतात, पण जुनी बरणी, पाणी उडून त्याचंही पीठ झालेलं. पाच वाजत आले होते.

"ती जाडसर भुकटी धुण्याच्या सोड्याची असणार, मामा. लिहा आणि मोकळे व्हा."

"असणार?" ते पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलले. "उद्या ते पोरींच्या हातात जायचंय. अंदाजावर नाही लिहायचं."

दोन कोरड्या नळ्या त्यांनी तापवल्या आणि निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला. एक निवळी तशीच राहिली. दुसरी पांढरी होत गेली, आणि मी श्वास रोखून बघत राहिले. तो खाण्याचा सोडा.

"आता तुम्ही पाचही परत तपासा," मामा म्हणाले. "मी चुकलोय असं समजून तपासा."

मी तपासले. एकही चूक नव्हती.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं आणि जरा ओशाळून म्हणाल्या, "तो मेमो फाडून टाका, मामा. मी प्रत ठेवलेली नाही."

मामांनी तळच्या फळीवरून सोडियम सिलिकेटची बाटली काढली. पाकासारखा घट्ट द्राव. "हा काचेला धरला की सोडत नाही, आणि कसर याला तोंड लावत नाही. हा घरात असताना मी कणीक शिजवत बसलो!" पाच नवी लेबलं चिकटली. मग त्यांनी खिशातला मेमो काढला, मागं तोच द्राव फासला आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या काचेवर दाबून बसवला.

"अहो, हे काय करताय? सगळ्यांना दिसेल!"

"दिसू दे. माझ्यामागून येणाऱ्याचाही डिंक कधीतरी संपेलच."

चार महिन्यांनी ते निवृत्त झाले. सेवापुस्तक कोरं होतं. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी कपाट उघडलं, मेमो वाचला आणि तो नखानं खरवडून पाहिला. निघाला नाही.

"कुणाचा हो हा मेमो?" त्यांनी विचारलं.

"माझ्या सरांचा," मी म्हटलं.