कवळीकाकांची सावकाश तबकडी

तर दुरुस्तीवाल्याने कवळीकाकांचं तबकड्या वाजवायचं यंत्र उताणं केलं, तिथवर आपण आलो होतो. उताणं केलं, डोळ्याला भिंग लावलं, तळाशी ठोकलेली पत्र्याची पट्टी वाचली आणि म्हणाला, "काका, ही पुली अजून तीच?"

"कुठली पुली?" कवळीकाकांनी विचारलं.

"ही काय, मोटरीच्या शेंड्यावरची. हिच्यावरून रबरी पट्टा फिरतो आणि पट्टा तबकडीला फिरवतो." त्याने मान वर केली. "तुमच्या दोस्ताने, त्या फोटोवाल्याने, नवी बसवली नाही होय? मी घडवून दिली होती की! पितळेची, नखाएवढी. झाली त्याला पाच-सहा वर्षं."

कवळीकाका आले होते पट्टा तुटला म्हणून. पट्टा बदलायचा, रविवारच्या आत यंत्र घरी न्यायचं, एवढंच डोक्यात. पुली नावाची काही वस्तू आपल्या घरात फिरते आहे, हेसुद्धा त्यांना त्या दिवशी कळलं.

आता कवळीकाका कोण, ते सांगून घेतो, म्हणजे काल जे नव्हते त्यांची पंचाईत नको. धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली, टेबलावर प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले, कोपऱ्यात पॉलिशची मोटर आणि अंगाला मेणाचा वास. डॉक्टरने माप घ्यायचं, काकांनी दात बसवायचे. त्या भागातले निम्मे म्हातारे हसले की काकांचं काम दिसायचं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, काकांचं भरलं. घर झालं, लेक मार्गी लागली.

जन्मभर त्यांनी गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारला, "कुठे बोचतं?" आणि उत्तर द्यायला भीड धरणाऱ्यावर ते उखडायचे. "छान बसली, छान बसली काय लावलंय? घरी जाऊन पेल्यात बुडवून ठेवाल! जिथे बोचतं तिथे बोट ठेवा, मला राग येत नाही."

अशा माणसाला नाद कसला लागावा? गाण्याचा नाही. विजेच्या वाद्यांवर वाजवलेल्या जॅझ-फंकचा, आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रोचा. सिंथेसायझरचे लांब सूर, तळाशी लोळणारा बास, हाडामांसाच्या वादकाऐवजी यंत्राने धरलेला ठेका, आणि मध्येच कुणी डब्यात तोंड घालून बोलावं तसा आवाज. काकू म्हणायच्या, "अहो, दिवसभर ती पॉलिशची मोटर ऐकून कान विटत नाहीत का तुमचे, म्हणून घरी येऊन हे?"

हाच किडा चावलेली आणखी तीन माणसं त्यांना मिळाली होती: फोटोवाला, बँकवाला आणि शिंपी. फोटोवाला तर शाळेपासूनचा. चौघं दर रविवारी सकाळी शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत जमायचे. पण गंमत बघा, तिथे वाजवायचे काहीच नाहीत! पहिल्याच रविवारी एक तबकडी लावली होती, तर वरच्या मजल्यावरची घरमालकीण जिना उतरून आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "पिठाची गिरणी टाकलीत का रे? भाडं वाढवू?" त्या दिवसापासून नियम झाला. इथे फक्त सांगायचं. ज्याची पाळी असेल त्याने आपली तबकडी मांडीवर घ्यायची आणि नुसत्या बोलण्याने बाकीच्यांच्या तोंडाला पाणी आणायचं. मग ती एकेकाने घरी न्यायची, ऐकायची, आणि पुढच्या रविवारी कशी वाटली ते बोलायचं.

या सांगण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. बँकवाला कुठल्या साली काय निघालं ते सांगायचा. ऐकणाऱ्याला झापड यायची. काका म्हणजे डोळे मिटून सुरू करायचे, "गुडघाभर पाण्यातून हत्ती चाललाय. घाई नाही त्याला. पाय उचलतो, पाणी गळू देतो, मग ठेवतो. आणि मागे एक माणूस खोल विहिरीत तोंड घालून त्याला हाक मारतोय." बाकीचे तिघं माना डोलवायचे. बँकवाला म्हणायचा, "काका, ते हत्तीचं पुन्हा सांगा ना." काका पुन्हा सांगायचे. रविवारी ते घरी यायचे तेच मुळी दोन बोटं उंच होऊन.

यंत्र त्यांना मेव्हण्याने दिलेलं. मेव्हणा जहाजावर, दूरच्या देशातून घेऊन आला, सोबत व्होल्टेज उतरवणारा जड डबाही आणला. डबा जोडला, दिवा लागला, तबकडी फिरली. आणखी काय पाहिजे? काकूंनी हौसेने एका गायिकेची तबकडी लावली, तर बाईचा आवाज बाप्यासारखा निघाला. काका म्हणाले, "तबकडी बाद आहे." काकू म्हणाल्या, "तुमचं यंत्र बाद आहे." नवराबायकोच्या भांडणात न्याय कोण देणार? काकूंनी रेडिओ जवळ केला आणि त्या यंत्रावर माणसाचा गळा पुन्हा चढला नाही. सिंथेसायझरला कुठला आलाय गळा? तो जाडा निघाला काय आणि बारीक निघाला काय, मुळात कसा होता हे कुणी सांगावं?

दुरुस्तीवाल्याने ते आता तीन वाक्यांत सांगितलं. "तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, आपली पन्नास. तुमचा डबा व्होल्टेज उतरवतो, हेलकावे कुठून वाढवणार? मोटर हेलकाव्यांवर चालते, म्हणून सहा पावलांच्या वेळात तुमची तबकडी पाचच चालते."

"आणि हे फोटोवाल्याला माहीत होतं?"

"त्यानेच तर विचारलं! आधी स्वतःचं यंत्र घेऊन आला. म्हणाला, मित्र म्हणतो माझं पळतंय. मी तपासलं, त्याचं ठाकठीक होतं. मग तुमच्या यंत्राच्या पट्टीवरचं सगळं उतरवून आणलं त्याने. त्यावरून मी पुली केली. खूश झाला होता. म्हणाला, उद्याच बसवतो."

काकांना तो दिवस आठवला. फोटोवाल्याच्या घरी एकदाच तबकडी ऐकली होती आणि ते म्हणाले होते, "अरे, तुझं यंत्र पळतंय, दाखवून घे." फोटोवाला नंतर म्हणाला होता, "हो रे, पळतंच ते. तुझ्या घरीच खरं ऐकायला मिळतं." त्या वाक्यावर काका किती दिवस फुलून हिंडले होते!

दुरुस्तीवाल्याने नवा पट्टा चढवला, पुलीला चिकटपट्टीचे वेढे देऊन जाड केलं, घड्याळ धरून फेऱ्या जमवल्या. काकांनी रविवारसाठी निवडलेली तबकडी पिशवीत होतीच, निळ्या वेष्टनाची. ज्या हत्तीने त्यांचं नाव केलं त्याचीच. सगळ्यांनी ती पुन्हा मागितली होती. सुई टेकली.

हत्ती कुठला! रस्ता ओलांडणारी कोंबडी होती ती. बास टुणटुण उड्या मारत होता, विहिरीतला माणूस गल्लीतल्या पोरासारखा चिरकत होता. काकांना वाटलं, आपल्या घरी इतकी वर्षं राहिलेला भारदस्त पाहुणा मिशी काढून आपल्यासमोरून पळत सुटलाय आणि ओळखही दाखवत नाही. पहिली बाजू संपेपर्यंत ते स्टुलावरून हलले नाहीत. दुरुस्तीवाला म्हणाला, "आता बरोबर आहे बघा." काकांनी मान हलवली. बरोबर होतं, त्याचंच तर दुःख होतं.

रविवार येईपर्यंत त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पुली फोटोवाल्याकडून हरवली असेल, विसरला असेल, असं ते स्वतःला समजावत राहिले. मात्र एकच गोष्ट त्यांना जाणून घ्यायची होती, ती ही की इतके रविवार त्या माना खऱ्या डोलत होत्या की नाही. त्यासाठी काही डाव रचायला नको होता. खरं ऐकलं ते खरं सांगायचं, बस.

शिंपी खाली बसून कुणाच्या तरी पँटची किनार दुमडत होता, तोंडात टाचण्या. काकांनी निळं वेष्टन मांडीवर घेतलं.

"ही तबकडी चपळ आहे," ते म्हणाले. "हलकी. बास चेंडूसारखा उसळतो. यंत्राचा आवाज कोवळा आहे, जरा चिरका. नाचायला बरी."

बँकवाल्याने शिंप्याकडे पाहिलं, शिंप्याने फोटोवाल्याकडे. मग बँकवाल्याच्या तोंडून निसटलं, "अहो काका, आज हत्ती कुठे गेला?"

शिंप्याला हसू फुटलं. टाचण्या पँटवर सांडल्या.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," काका म्हणाले.

"मनाला लावून घेऊ नका हो!" बँकवाला पुढे सरकला. "आम्हाला आवडायचं ते. मी तर शोधून शोधून पळणाऱ्या तबकड्या आणायचो तुमच्यासाठी. म्हटलं, काका हिचं काय करतात बघू. ते 'आजोबा जिना चढतायत' आठवतं? मी घरी करून दाखवलं, बायको हसून हसून…" आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"आवाजही काढता वाटतं माझा?" काकांनी विचारलं. "चांगला जमतो का?"

शिंपी टाचण्या वेचत राहिला. एवढ्या टाचण्या सांडल्याही नव्हत्या. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण काकांनी हजारदा ऐकली होती, धंद्यापायी त्यावर विनोदही केले होते. आता समोर बसलेल्या तीन ओळखीच्या तोंडांकडे बघताना त्यांना तिच्यात विनोद सापडेना. ज्या बोलण्याने ते दोन बोटं उंच व्हायचे, त्याच बोलण्याची घरोघरी नक्कल व्हायची. त्यांनी तबकडी पिशवीत घातली, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडले.

फोटोवाला मागोमाग धावत आला. कोपऱ्यावरच्या कुलूपबंद दुकानाच्या पायरीशी त्याने त्यांना गाठलं. खिशातून फिल्मची काळी डबी काढली, झाकण उघडलं आणि तळहातावर ती पितळी पुली ओतली. अजून नवीकोरी, तेलाचा डागही नाही.

"बसवणारच होतो रे," तो म्हणाला. "त्या रविवारी खिशात घालून आलो होतो, तेव्हापासून ती दर रविवारी खिशातच असते. पण त्याच दिवशी तू हत्तीचं सांगितलंस. असं सांगितलंस की मला वाटलं, ही बसवली तर हे संपलं. म्हटलं, पुढच्या वेळी. मग मी मूर्खासारखं यांना सांगून बसलो, हे हसले, आणि मीही हसलो. एकदा हसल्यावर तुला कुठल्या तोंडाने सांगणार?"

"शाळेपासूनच्या तोंडाने," काका म्हणाले.

"शिव्या दे, पण असं बोलू नकोस. अरे, तुझं ऐकून घरी गेलो की मीसुद्धा माझ्या यंत्रावर तबकडीला बोट टेकवून ती सावकाश करून बघायचो. तू म्हणायचास तशी. खरंच छान लागायची, तुझ्या गळ्याची शपथ!"

काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा खरा वाटत होता. पण "तुझ्या घरीच खरं ऐकायला मिळतं" म्हणतानाही तो असाच खरा वाटला होता, याच डोळ्यांनी, याच आवाजात. काकांनी पुली उचलली, बोटांत फिरवून बघितली. काम सुबक होतं. त्यांनी ती डबीत टाकली, झाकण लावलं आणि डबी स्वतःच्या खिशात घातली.

फोटोवाल्याचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे पुढच्या रविवारी येशील ना? पाळी माझी आहे. एक अशी तबकडी सापडलीय, तुला वेड लागेल. मी सांगतो ना, आजवरची सगळ्यात चांगली!"

काका म्हणाले, "येईन की, न यायला काय झालं? पण तू चांगली म्हणालास ती खरंच चांगली आहे का, हे आता मी कुणाला विचारू ते तेवढं सांगून ठेव."