देव्हाऱ्यातलं कार्ड

नर्स पुन्हा पट्टा आवळून बीपी बघत होती आणि ते लागत नव्हतं. पलंगावर माझी नात, नऊ वर्षांची. अंग तव्यासारखं तापलेलं आणि हातपाय गार. मी तिचे तळवे चोळत होते. असा गारवा मी आधी हातात धरला आहे. माझं पहिलं पोरगं असंच गार होत होत गेलं.

वसमतचा छोटा दवाखाना होता. शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यासमोर, हळद शिजत होती, तिथं पोरीच्या पायात काटा मोडला होता. काटा आम्ही काढला. मग ताप चढला, तशी सून आणि मी ऑटो करून आलो. डॉक्टर तरुण होता. त्यानं पाय दाबून दाबून पाहिला.

“पायाचं काही नाही, आजी. पू नाही, लाली नाही. ताप दुसऱ्या कशाचा तरी आहे. डेंग्यूसाठी रक्त पाठवलंय.”

“तिच्या पांढऱ्या पेशी कमी हायत,” सून म्हणाली. “जन्मापासून.”

“डेंग्यूत पण कमीच होतात, ताई.”

मी चौथी शिकलेली, सून दहावी. याच्या पुढं काय सांगायचं ते दोघींनाही येईना.

सांगणारी माणसं होती, पण ती फोनवर होती. नांदेडच्या डॉक्टरांनी आजार ओळखला तेव्हा पोरीचं नाव एका नोंदणीत घातलं होतं. अशा आजाराची माणसं कुठं कुठं आहेत, कुणाला कोणतं औषध लागू पडतं, लेकरं कशी वाढतात, हे सगळं तिथं लिहून ठेवतात. सुनेच्या आईला ते पटलं नव्हतं.

“पोरीची जात हाय. उद्या सोयरिकीच्या टायमाला कुणी आजाराचं नाव काढलं तर?”

“आधी जगू द्या,” मी म्हणाले. “मेलेल्या पोरीला कोण मागणी घालून राहिलं?”

विहीणबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

नोंदणीच्या बाईंनी फोनवर सगळ्यांची माहिती घेतली. “घरात कुणी लहानपणी तापानं गेलं का?” असं विचारलं. इतक्या वर्षांत ते मला कुणी विचारलं नव्हतं. पोराला दृष्ट लागली, असंच सगळे म्हणत आले. मी सांगितलं, तोंड आलं होतं, हिरड्या सुजल्या होत्या, ताप उतरला नाही. बाई म्हणाल्या, “तोच आजार होता का, ते आता सांगता येत नाही. पण लिहून ठेवते.”

मग एक कार्ड आलं. ताप आला तर थांबू नका, आणि खाली फोन नंबर. आमच्या घरी मोलाचा कागद आला की आधी देवापुढं जातो. सातबारा, पोरांचे निकाल, पहिली लग्नपत्रिका. कार्डही गेलं. बाकीचे कागद मागाहून पेटीत गेले, हे तिथंच राहिलं. सून रोज देवाबरोबर त्यालाही ओल्या बोटानं हळदकुंकू लावायची.

आता तिनं ते पिशवीतून काढलं, तर नंबर दिसेना. वर लाल-पिवळा थर बसलेला, प्लास्टिक एका कडेला उकललेलं, कुंकू आत उतरलेलं. लेकाच्या मोबाइलमध्ये नंबर होता. पण तो पुण्याला कंपनीत, आणि मोबाइल गेटवर जमा.

“पूजा करत होतीस का नंबर पुसत होतीस?”

“तुमीच म्हणल्या ना आत्या, देवापाशी ठेव म्हणून!”

“ठेव म्हणलं होतं. न्हाऊ घाल म्हणलं नव्हतं.”

नर्सनं कार्ड सुनेच्या हातातून ओढून घेतलं आणि स्पिरिटच्या बोळ्यानं घासलं. आकडे वर आले. शेवटचा तीन की आठ, ते कळेना. तीन लावला. कुणीतरी माणूस हिंदीत खेकसला. पोरीनं डोळे फिरवले. सुनेच्या हातून मोबाइल खाली पडला. तो उचलून नर्सनंच आठ लावला.

नोंदणीच्या त्याच बाई होत्या. नर्सनं फोन डॉक्टरच्या कानाला लावला. तो ऐकत होता. “हो... नाही, पू नाही... अच्छा, म्हणून नाही.” मग तो धावलाच. डेंग्यूच्या रिपोर्टची वाट न बघता त्यानं सलाईनमधून जंतू मारायचं मोठं औषध सुरू केलं. चांगला माणूस. ऐकून घेतलं त्यानं.

नांदेडला नेताना अँब्युलन्समध्ये त्यानं मला सांगितलं. पू होतो तो पांढऱ्या पेशींचाच. हिच्यात त्या जवळजवळ नाहीतच, तर पू येणार कुठून? पाय वरून कोरडा आणि आतून सडत होता. कोरडी जखम म्हणजे चांगली जखम, असं मी जन्मभर समजत आले.

नांदेडला पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली. पायाची करंगळी काढावी लागली. नांदेड येईपर्यंत मी तिचा हात सोडला नव्हता. देवाचं नाव घेतलं का, ते आठवत नाही. हात गरम होतो का, तेवढंच बघत होते.

कार्ड आता दाराच्या खिळ्याला टांगलं आहे. त्याला कुंकू लावायचं नाही.

त्या नोंदणीत आमच्या घरची दोघं आहेत. पोरगं दोन वर्षांचं असताना गेलं. नात जिवंत आहे.