फोटोपुरता चष्मा

फवारणीचा एक चष्मा, एक मास्क, हातमोज्यांचा एक जोड. माझ्याकडं पेटी एवढी एकच, आणि गावं अकरा. डोंगर चढणाऱ्यांचे कपडे बनवणारी एक परदेशी कंपनी आमच्या भागातला कापूस घ्यायची. शेतकऱ्याला फवारणीचं औषध बाधत नाही, हे तिला गिऱ्हाइकांना दाखवायचं असायचं. त्यासाठी एका संस्थेनं मला नेमलेलं. नवी नोकरी, संस्थेची मोटारसायकल. लई रुबाबात फिरायचो मी.

उमापूरकडच्या एका शेतात तिथल्या शेतकरी काकांना पेटीतलं सगळं चढवलं, पाठीवर रिकामा पंप दिला आणि चार फोटो काढले. काका हसत होते. त्यांची बायको, काकू, बांधावरून म्हणाल्या, "भाऊ, उद्या फवारायचं हाय. ही पेटी दोन दिस राहू द्या की."

"उद्या केजकडं फोटो हायेत, काकू. नंतर आणून देतो."

"मग आज कावून घातली?"

मी हसून वेळ मारून नेली. काकांच्या डोळ्यांवरचा चष्मा स्वतःच्या हातानं काढला, पुसून पेटीत ठेवला. वर साहित्य मिळाल्याची सहीही घेतली.

दुसऱ्या दिवशी वारं फिरलं आणि औषध काकांच्या डोळ्यांत गेलं. उजवा डोळा गेला, डाव्यानं अंधुक दिसतं. मला आठवड्यानं कळलं, तरी मी भेटायला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? आणि खरं सांगायचं तर, त्यांनी कुठं सांगितलं तर नोकरी जाईल, ही धास्ती होती. लिहितानाही लाज वाटते.

पुढं नोकरी मीच सोडली. यंदा मोबाईलवर त्या कंपनीच्या जाहिरातीत काका दिसले. चष्मा लावून हसणारे. खाली शेतकऱ्याच्या काळजीबद्दल दोन ओळी. मला राहवेना. माफी मागायला जाताना हातात काहीतरी हवं म्हणून, शहाणा मी, गेवराईत तो फोटो छापून घेतला.

काका ओट्यावर बसले होते. आवाजावरून ओळखून "या भाऊ" म्हणाले. तेवढ्यात काकू शेतातून आल्या. पाठीवर पंप, तोंडाला पदर बांधलेला, डोळे लालभडक. मी माझं चुकलं म्हणालो आणि फोटो पुढं केला. त्यांनी तो नीट बघितला, काकांच्या मांडीवर ठेवला. मग माझ्या पिशवीकडं बघत म्हणाल्या, "आता मी फवारते, भाऊ. चष्मा आणलाय का?"

फोटोच्या दुकानाला लागूनच कृषी केंद्र होतं. दारातच चष्मे टांगलेले होते. माझ्या डोक्यातच आलं नाही.