ड्रॉवरच्या कोपऱ्यातलं पाणी

पहिल्यांदा ते माझ्या पायाला कळलं. गाडी झाडून घेत होते, चपला दारात काढलेल्या, आणि कडेच्या पट्ट्यावर पाय पडला तसा खालचा प्लाय दबला, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. पाय उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा दबला. हे बाहेर टायरची हवा बघत होते. हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या जागेवर पायपुसणं ओढलं आणि झाडत राहिले.

गाडी म्हणजे जुनी व्हॅनिटी व्हॅन, शूटिंगवाल्यांनी वापरून विकलेली. मी सोलापुरात नवरीचा मेकअप करते. आता लग्नं गावाबाहेरच्या लॉनवर, हायवेकडेच्या कार्यालयात होतात, आणि नवरीला तयार व्हायला मिळते ती गाद्या रचलेली खोली, गेलेली लाइट आणि दार वाजवणाऱ्या दहा बायका. आरसे, दिवे, एसी सगळं आपणच घेऊन जायचं, ही कल्पना माझी. यांची चिंचोळी एमआयडीसीत नोकरी होती, लग्नाआधीपासूनची. ती सोडून ते गाडी चालवायला लागले ते माझ्या शब्दावर. हे त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यामुळं मला ते सारखं ऐकू यायचं.

या गाडीला एक खास गोष्ट होती. बटण दाबलं की एका बाजूची खोली, भिंत, खिडकी आणि मेकअपच्या खुर्चीसकट, तीन फूट बाहेर सरकायची. आम्ही तिला ड्रॉवर म्हणायचो. लग्नाच्या जागी पोचलो की ड्रॉवर बाहेर, निघताना आत. ड्रॉवर आणि गाडी यांच्यामधल्या फटीला चारी बाजूंनी जाड रबराची पट्टी होती. पाणी अडवायचं काम त्या पट्टीचं.

मार्चअखेरीस एकदा अवकाळी पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी आरशाखाली ओघळ दिसला. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. यांनी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनच्या नळ्या आणल्या आणि ड्रॉवर बाहेर काढून सगळ्या फटी भरल्या. मी ओल्या बोटानं गुळगुळीत करत गेले. दोन दिवस वाळू दिलं. मग ड्रॉवर आत घेताना चर्र असा आवाज आला. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"नवीन हाय ना, चिकटलं असंल," हे म्हणाले.

"असेल," मी म्हणाले.

पुढचं काम मोडनिंबजवळ होतं, शेतातल्या मांडवात, संध्याकाळच्या मुहूर्ताचं. जागा उताराची होती. दुपारी तीनला पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, मांडवाची कापडं फडफडायला लागली, आणि वर बघण्याच्या नादात माझ्याकडून डोळ्याची रेघ वाकडी ओढली गेली. इतक्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. पुसून पुन्हा ओढली. नवरी शांत होती, फार बोलत नव्हती. पत्र्यावर थेंब वाजायला लागले तसे माझे कान भिंतीकडं लागले.

"ताई, पाठीवर पाणी पडलं का काय?" तिनं विचारलं.

"स्प्रे असेल," मी म्हणाले.

स्प्रे मी अजून हातातसुद्धा घेतला नव्हता. दुसरा थेंब माझ्या मनगटावर पडला. वर बघितलं तर मागच्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक रेघ उतरत होती, सरळ आरशाच्या मागं, जिथं दिव्यांच्या सगळ्या वायरी होत्या. त्या मुलीचा हात आरशाच्या पत्र्याच्या चौकटीवर टेकलेला होता. तो मी हिसकावल्यासारखा उचलला, तिला खुर्चीतून ओढलं आणि धावत जाऊन मेन बंद केला. अंधारात ती शालू सावरत उभी राहिली.

"काय झालं?"

"गाडी गळते," मी म्हणाले. "ते पाणीच होतं. मी खोटं बोलले."

तिची आई पदर डोक्यावर धरून दारात आली. तिलाही सांगितलं.

"गाडीत पानी येतंय, तुमाला ठावं हुतं व्हय?"

"हो. थांबलं असेल असं वाटलं."

"मग आदी सांगायचं की. वायरी हायत तितं. पोरगी हाय माजी."

मी अंधारातच पेटी भरायला लागले. नवरीची आई म्हणाली, "चला घरात. हितं उबं राहून काय हुनार न्हाय."

शेतातल्या घराच्या स्वयंपाकखोलीत, खिडकीशी, पावसाच्या उजेडात मी तिला तयार केलं. आरसा हातातला. केसात गजरा माळताना पिना दातात धरल्या होत्या, त्या दोनदा पडल्या. मुहूर्त गाठला. नवरी सुंदर दिसत होती, पण मी मांडवात गेले नाही. तिची आई मागून आली, दोन ताटं हातात. "जेवून जावा," एवढंच म्हणाली. हसली नाही. ते जेवण गिळायला मला फार वेळ लागला.

परतताना मोहोळ मागं पडलं. तेव्हा हे म्हणाले, "शोधूनच काढू. एकदाच."

शोधायचं तर पाणी ओतायला हवं, आणि आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. घागरी भरायच्या दिवशी गल्लीसमोर गाडीवर पाइप सोडायचा म्हणजे कुणाला तोंड दाखवायला नको. शेवटी यांच्या ओळखीचे एक मिस्त्री चिंचोळीला ट्रकच्या बॉडी बांधायचे, त्यांच्याकडं गेलो. तिथं बोअर होतं आणि गाड्या धुतलेलं पाणी पुन्हा हौदात जायची सोय होती. मिस्त्री वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी सिलिकॉनवर नख फिरवलं आणि यांना म्हणाले, "हे कुणी फासलं?"

"मीच."

"रबर हलायला पाहिजे. तुम्ही ते बांधून टाकलं. आत घेताना फाटलं बघा." खालच्या बाजूला पट्टी बोटभर चिरली होती. चर्र तो तिथला.

मग मला म्हणाले, "भाभी, तुम्ही आत बसा. फटीला आतून चौफेर कोरडा पेपर चिकटवा. मी खालून वर येणार, एकेका बाजूला दहा मिनिटं. कागद काळा पडला की हाक मारा. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं, मग काय कळणार?"

एसी बंद, दार बंद. टॉर्च घेऊन मी त्या खोक्यात बसले. बाहेरून पाइपचा आवाज भिंतीवर सरकत होता. खाली चिरलेल्या जागी कागद ओला झाला. ते समजण्यासारखं होतं. पण वरचा ओघळ काही तिथला नव्हता. डावी बाजू कोरडी. उजवी बाजू कोरडी. शेवटी वर पाइप धरला, आणि वरही कोरडं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी प्रत्येक कागद बोटानं चाचपला. सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. न सापडलेलं पाणी कुठल्या तरी नवरीच्या डोक्यावरच पडणार होतं.

बाहेर आले तर मिस्त्रींनी विचारलं, "त्या दिवशी गाडी सपाटीवर होती का?"

"उतारावर," हे म्हणाले.

मिस्त्रींनी दारात पाणसळ ठेवली, तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबला. त्यांच्याकडची फरशी अगदी सपाट होती. मग एका बाजूच्या चाकांखाली फळ्या घातल्या, गाडी मोडनिंबसारखी कलती केली, आणि पुन्हा वर पाणी सोडलं. मी आत गेले. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील, मागच्या वरच्या कोपऱ्यातला कागद रुपयाएवढा काळा पडला आणि काळेपणा खाली पसरत गेला.

"आलं," मी ओरडले. भीतीनं की सुटल्यासारखं वाटून, मला सांगता येणार नाही.

त्या कोपऱ्यात आधीच्या मालकानं दोन तुकडे जोडून पट्टी लावली होती, आणि ते एकमेकांपर्यंत पोचत नव्हते. गाडी सपाट असली की पाणी बाहेर वाहून जायचं. कलली की ड्रॉवरच्या टपावर साचून त्या फटीतून आत यायचं. तसंच साचलेलं पाणी घेऊन ड्रॉवर आत ओढला, की ते भिंतीच्या आतून उतरून जमिनीच्या प्लायखाली बसायचं.

नवी पट्टी लावायच्या आधी जुनं सिलिकॉन खरवडून काढायचं होतं. ब्लेड घेऊन आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मिस्त्री दुसऱ्या गाडीवर गेले होते.

"मला आधीच कळलं होतं," मी म्हणाले. "संक्रांतीच्या सुमारास. खाली दबत होतं. मी पायपुसणं टाकलं त्याच्यावर."

हे ब्लेड थांबवून म्हणाले, "पायपुसणं तू टाकलंस होय?"

"म्हणजे?"

"मला दिवाळीलाच कळलं होतं. मी उचकटून बघणार, तर एक दिवस तितं पायपुसणं. म्हणलं बरं झालं, तुला दिसायचं न्हाय."

"मला का नाही सांगितलं?"

"गाडी तुझ्या हौसेची. तुला लागलं असतं की." ते पुन्हा खरवडायला लागले. "आणि नोकरी सोडून काय मिळवलं, असं मलाच वाटलं असतं. तेबी हाय."

हे वाक्य मला वर्षभर मनात ऐकू येत होतं. प्रत्यक्ष ऐकल्यावर वाटलं होतं तेवढं ते जड नव्हतं. माझ्या बोटाला ब्लेड लागलं होतं, ते बोट तोंडात धरून बसले.

मिस्त्रींनी नवी पट्टी अखंड लावली, कोपऱ्यात न कापता वळवून. यांनी ग्रीस लावू का विचारलं, तर म्हणाले, ग्रीसनं रबर फुगतं, साधी पावडर लावा. पावडर माझ्या मेकअपच्या पेटीत होती. अख्खा डबा मी त्या पट्टीवर चोळला. ड्रॉवरच्या टपावर बाहेरच्या बाजूला उतार देऊन पत्रा बसवला. कुजलेला प्लाय कापून नवा घातला. मग गाडी कलती ठेवून तासभर पाणी. कागद कोरडे राहिले.

त्यावर माझा विश्वास बसेना. पुढची चार लग्नं कडकडीत उन्हात गेली, आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, एक सर यावी, म्हणजे कळेल. दुसऱ्याच्या मांडवावर पाऊस मागणारी मी कोण, असं वाटून लाज वाटायची.

जूनमध्ये एका पहाटे घराच्या पत्र्यावर जोराचा आवाज झाला. उठले तर हे अंथरुणात नव्हते. छत्री घेऊन गाडीकडं गेले. ड्रॉवर बाहेर काढलेला, चाकांखाली फळ्या, आणि हे आत मेकअपच्या खुर्चीत, अंगात बनियन, वर कोपऱ्याकडं बघत बसलेले.

"कधीपासून बसलाय?"

"सुरू झाल्यापासून."

मी कोपऱ्याखाली जमिनीवर हात फिरवला. मग दुसऱ्या कोपऱ्याखाली. मग आरशामागं. सगळीकडं कोरडं होतं.

"चहा आणू का?"

"आण," ते म्हणाले. "पण मी हितंच पितो. अजून जोर हाय पावसाला."

मी दोन कप घेऊन परत आले आणि त्यांच्या पायाशी बसले.