पाहुण्यांचं पाणी

ये, इकडे सरकून बस माझ्याजवळ. अगं, पण तो ग्लास आधी खाली ठेव! नळाखाली धरला, भरला आणि लावला तोंडाला. एवढी शिकली-सवरलेली तू, पाणी असं काहून पितेस? रुसू नको. मी कशासाठी ओरडून राहिले ते ऐकून घे, मग वाटलं तर तूही मला दोन शब्द सुनाव.

त्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी आमच्या पल्लवीला खिडकीपाशी उजेडात उभं केलं, खालची पापणी ओढून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अम्माजी, ये पीलिया है. और आठवाँ महीना लगा है. इनको मैं घर नहीं भेजूँगी."

पीलिया म्हणजे आपली कावीळ. पल्लवी माझी सून. माहेर सिहोऱ्याचं, म्हणजे हिंदी मुलखातलं. घर मराठीच, पण तिला मराठी समजते सगळी आणि बोलायला गेली की तोंडातून हिंदी येते. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आमचं छान चालतं. माझा मुलगा नितीन फॅक्टरीत आहे. आमचं घर बड्या फुहाऱ्याच्या, म्हणजे मोठ्या कारंज्याच्या चौकाच्या, मागच्या गल्लीत. घर जुनं, नळ त्याहून जुना.

आता आधी कसं कळलं नाही ते सांगते, म्हणजे तू चुकणार नाहीस. पल्लवीला जेवण नकोसं झालं, मळमळ, अंगात कणकण. मी म्हटलं, पोटुशी आहे, व्हायचंच. मग लघवी गडद झाली, काळ्या चहासारखी. ती लाजून बोलली नाही. मग अंगाला खाज. तेही उन्हाळ्यावर ढकललं. डोळे पिवळे दिसले तेव्हा कुठे आम्ही रिक्षात बसलो. तू एवढी वाट पाहू नको. लघवीचा रंग बदलला की लाज बाजूला ठेवायची आणि सांगायचं.

रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी नाव कळलं. हिपॅटायटिस ई. म्हणजे यकृताला सूज आणणारा एक विषाणू. माणसाच्या मैल्यातून पाण्यात येतो आणि पाण्यातून पोटात जातो. बाकीच्यांना बहुतेक वेळा थकवून, पिवळं करून निघून जातो. पण शेवटच्या महिन्यांतल्या बाईच्या यकृताला तो पार झोपवू शकतो. मॅडमनी काही लपवलं नाही. "इसकी कोई अलग दवा नहीं है. हम शरीर को सँभालेंगे, लिवर अपना काम खुद करेगा. माँ और बच्चा, दोनों पर नज़र रखनी है."

नितीन भिंतीला टेकून खालीच बसला. मी त्याला म्हटलं, "ऊठ. बसायला खुर्च्या आहेत." कठोर वाटलं असेल तुला. पण दोघंही बसलो असतो तर उठवायला कोण होतं?

रोज दोन तपासण्या. एक बिलिरुबिन, म्हणजे अंगातलं पिवळेपण किती चढलं ते. दुसरी आयएनआर. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते त्यात कळतं. यकृत थकलं की रक्त गोठेनासं होतं आणि बाळंतपणात तेच भारी पडतं. पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके ऐकवायचे. तेवढा वेळ वॉर्डात मला बरं वाटायचं. टपटप टपटप, घोडागाडी निघाल्यासारखं.

मला मॅडमनी एक काम दिलं होतं. यकृत फार बिघडलं तर त्याचा परिणाम मेंदूवर होतो, बोलणं असंबद्ध होतं, माणूस दिवसा झोपून राहतो. म्हणून तिला बोलतं ठेवायचं आणि जरा वेगळं वाटलं तर लगेच नर्सला हाक मारायची. मी काय, तेच काम जन्मभर करत आले! सारखी विचारायची, "सांग बरं, मी कोण?"

"वही, जो हर घंटे यही पूछती हैं," पल्लवी म्हणायची. डोळे मिटलेले, पण टोमणा जागा.

आणि एका दुपारी ती माझ्याकडे बघून चक्क म्हणाली, "आई, मला घरी जायचंय. पण रिकाम्या हातांनी नाही. बाळाला घेऊनच जायचंय."

अगं, एक शब्द हिंदीचा नाही! म्हटलं, हेच ते वेगळं बोलणं. चपला न घालता धावले. "सिस्टर, जल्दी आइए, मेरी बहू साफ मराठी बोल रही है!"

नर्सला काही कळेना. मॅडम आल्या, हात पुढे करायला लावले, आज वार कोणता, नवऱ्याचं नाव काय, शंभरातून सात वजा करा. पल्लवीनं सगळं बरोबर सांगितलं आणि मग माझ्यावर डोळे वटारले. "इतने साल से सुन रही हूँ घर में. पड़े-पड़े जोड़ रही थी, कि आपसे आपकी भाषा में बोलूँ. आपने तो पूरा वॉर्ड बुला लिया!"

मॅडम हसत हसत बाहेर गेल्या. मी तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. तेव्हाच ठरवलं, ही पोर आणि तिचं बाळ दोघंही घरी येतील, आणि येतील त्या घरातलं पाणी आधीसारखं नसेल.

कारण मॅडमनी विचारलं होतंच, "पानी कौन-सा पीते हैं?" मी ताठ मानेनं सांगितलं, "फिल्टर है जी हमारे यहाँ."

होतंच ना. पण ऐक आता. ते मशीन थोडं पाणी शुद्ध करतं आणि पुष्कळसं नळीतून फेकून देतं. आमच्याकडे नळ येणार सकाळी थोडा वेळ. अशा घरात पाणी फेकवतं का? म्हणून आमची रीत अशी, की फिल्टरचं पाणी पाहुण्यांना. चांगल्या ग्लासात, ट्रेमधून. घरच्यांना माठाचं, नळाचंच, फडक्यातून गाळून. त्यातून पल्लवीला दिवस गेल्यापासून मातीच्या वासाशिवाय पाणी घशाखाली उतरेना. तिला माठच हवा असायचा. पाहुण्यांची एवढी काळजी घेणारं आमचं घर, आणि पोटातल्या पाहुण्याला काय पाजत होतो?

मॅडमनी पुढचं विचारलं, "लाइन में सीधी मोटर लगाते हैं?" लावतो की. अख्खी गल्ली लावते. नळाला धार नसते, म्हणून प्रत्येकानं नळालाच छोटा पंप जोडलाय. पाणी यायची वेळ झाली की सगळे पंप एकदम घुमू लागतात. पहिली बादली वास मारते ती ओतून द्यायची आणि पुढची भरायची, हेही सगळ्यांना पाठ. मॅडम म्हणाल्या, पंप नुसतं नळाचं पाणी नाही ओढत. पाइपला जिथे भोक असेल, तिथून बाहेरचंही आत ओढतो.

कपडे न्यायला घरी आले तेव्हा नितीनला दारापुढच्या नालीवरची फरशी उचलायला लावली. बघते तर काय, सगळ्या घरांचे नळाचे पाइप नालीत पाय सोडून बसलेले! गंजलेले, चिंध्या बांधलेले. आमचा सगळ्यात पुढे.

शेजारच्या शकुन भाभी ओट्यावरून बघून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "अम्मा, पीलिया तो झड़वाना पड़ता है. अस्पताल में क्या होगा? एक आदमी है, चूने के पानी से हाथ धुलाता है, सारा पीला उतर जाता है."

मी म्हटलं, "भाभी, झड़वाना है तो ये पाइप झड़वाओ."

त्या फणकारल्या. पण खाली वाकून पाहिलं त्यांनी. स्वतःचाही पाइप पाहिला.

मग मी पंप बंद करा म्हणत दारोदार फिरले. सगळ्यांचं एकच, "पहले वो बंद करें. हम अकेले बंद करेंगे तो पानी उनके घर जाएगा." खोटं नव्हतं ते. एकानं पंप बंद केला की त्याचा नळ कोरडा. म्हणून मी वाद सोडला. नितीनला सांगून आमचा पंप काढला आणि ओट्यावर मधोमध ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. त्याची वायर तर बघायला हवी होतीस. ओल्या फरशीवरून गेलेली, जागोजागी टेप. पंप लावताना मला विजेच्या झिणझिण्या येत, तेव्हा मी चप्पल बदलत होते, वायर नाही. तुझ्याकडे असं काही असेल तर आजच इलेक्ट्रिशियनला बोलाव.

नळ कोरडा पडला. विजय नगरला माझी धाकटी बहीण राहते, तिच्याकडून नितीन स्कूटरवर कॅन आणायचा. इकडे मी हॉस्पिटलातून आले की ओट्यावर बसायची, पंपाशेजारी. काही बोलायची नाही. तू म्हणशील, तुम्ही आणि गप्प? हो बाई, राहिले.

एका सकाळी शकुन भाभी स्वतःचा पंप कमरेवर घेऊन आल्या आणि दाणकन आमच्या पंपाशेजारी आपटला. "लो. अब आपकी शकल नहीं देखी जाती रोज़-रोज़." त्यांच्यामागून समोरचे आले. मग बाकीचे. ओट्यावर बसायला जागा राहिली नाही. सगळ्यांनी मिळून प्लंबर लावला, पाइप नालीतून काढून भिंतीवरून वर नेले. कोपऱ्यावरचं एक घर अजून ऐकत नाही. मी जाते त्यांच्याकडे अधूनमधून. चहा विचारतात, मी म्हणते, "पंप निकालो, फिर पिऊँगी." बघू कोण आधी थकतं.

आता पाणी बारीक धारेनं येतं, पण वास येत नाही. मॅडमनी बजावलंय, स्वच्छ दिसणं म्हणजे शुद्ध असणं नाही. म्हणून खळखळून उकळतो, झाकतो आणि मगच माठात. माठ रोज धुवायचा, आत हात घालायचा नाही, लांब दांड्याची पळी.

आणि पल्लवीचं? आयएनआर चढला, एक दिवस अडला, आणि मग उतरू लागला. मॅडमनी कागद माझ्या हातात देऊन सांगितलं, "लिवर जाग गया, अम्माजी." मी त्यांच्या पायाशी वाकू लागले, तर त्यांनी मला खांद्यांना धरून उभं केलं. त्यांचे, त्या नर्सचे, फरशी पुसताना पल्लवीची रोज खुशाली विचारणाऱ्या बाईचे उपकार मी विसरायची नाही. मुलगी थोडी आधी आली, लहानशी, काही दिवस काचेच्या पेटीत राहिली. पण पल्लवी म्हणाली होती तशीच घरी आली. भरल्या हातांनी.

परवा गल्लीतल्या बायका बाळ बघायला आल्या. पल्लवीनं ट्रे काढला, चांगले ग्लास काढले, सगळ्यांना पाणी दिलं. मग तसाच एक ग्लास मला आणि एक स्वतःला घेतला. शकुन भाभींनी विचारलं, "अरे, तुम लोग भी यही पीते हो?"

"आमच्याकडे एकच पाणी आहे आता," पल्लवी म्हणाली. मराठीत. मी कुणाला हाक मारली नाही.

चलो, पुरे झालं, निघते मी आता. तू लवकर ये गं आमच्याकडे. पाण्याची बाटली बरोबर आणू नको, मला राग येईल. बाळाला मांडीवर घे, आणि माठातलं पाणी पी आमच्यासोबत.