चोर बटन

"मास्तर, तिकडं पाहा जी थोडंसं."

गाडीत बसल्याबरोबर तो हे म्हणायचा, आणि आपण मान वळवून धानाच्या बांध्यांकडे नाहीतर समोरच्या पानठेल्याकडे पाहायचं. नवरदेव असो, बाळंतीण असो, की तालुक्याचा साहेब, सूट कोणालाच नव्हती. मग काहीतरी चाचपल्याचा आवाज येई, बारीकसं 'कट' वाजे, चावी फिरे आणि गाडीच्या पोटात टिकटिक सुरू होई. "हं, पाहा आता," असं तो म्हणाला की मान सरळ करायची.

ही सत्तर-ऐंशीच्या काळातली गोष्ट. लाखनीला हायवेवर माझं शिलाईचं दुकान होतं, आणि दुकानाच्या बाजूलाच त्याची भाड्याची जुनी अँबॅसिडर उभी राहायची. त्या गाडीचा पेट्रोलचा पंप विजेवर चाले. पंपाकडे जाणारी तार मध्येच तोडून त्यानं एक छुपं बटन बसवून घेतलं होतं. ड्रायव्हर लोक त्याला चोर बटन म्हणतात. ते बंद असताना चोरानं गाडी पळवली, तर नळीत उरलेल्या पेट्रोलवर ती चौकापर्यंत जाईल आणि तिथं बसेल. चोर मग बोनेट उघडून शोधत राहील.

हे सगळं सुचायला कारणही तसंच घडलं होतं. त्याची पहिली गाडी भागीदारीत होती. भागीदार लहानपणचा दोस्त. एक दिवस "बालाघाटले लग्न हाय, चावी दे," म्हणाला. यानं चावी दिली, वर वाटेत खायला चिवडा बांधून दिला. दोस्त आला नाही, गाडीही आली नाही. घरातला दागिना त्या गाडीपायी आधीच गेला होता. दुसरी गाडी कशीबशी उभी राहिली, तेव्हापासून हा माणूस वाऱ्यावरही संशय घेऊ लागला.

"कोणाचा काही नेम नाही, मास्तर," हे त्याचं दुसरं वाक्य. गिऱ्हाईक हसून बोललं की हा सावध. फार गप्प बसलं की आणखी सावध. गाडीजवळ कोणी बिडी पेटवायला थांबलं तरी हा उठून टायर तपासून यायचा. मी त्याच्या शिटांना कव्हरं शिवली, तेव्हा माप घेताना हा पूर्ण वेळ माझ्या मानेवर उभा. पुढच्या शिटेच्या एका बाजूवर हात ठेवून म्हणाला, "इकडचं माप अंदाजानं घ्या." अंदाजानं माप घेऊन कव्हर शिवायला लावणारं ते एकच गिऱ्हाईक मला भेटलं.

आणि याच माणसानं एक दिवस मला बाजूला घेऊन, पोरांची आण घालून, ते बटन कुठं आहे ते दाखवलं. राखदाणीच्या मागं, ज्या बाजूचं माप अंदाजानं घ्यायला लावलं होतं तिच्यासमोरच. "माणसाचं काही सांगता येते का? मले काही झालं तं कोणाले तं माहीत पाह्यजे. तुमच्याबिगर कोणाले सांगितलं नाही." मला काय वाटलं सांगू? छाती भरून आली. महिनोन्महिने मी ते गुपित जपलं, बायकोलाही सांगितलं नाही.

पुढं पानठेल्यावर गप्पा चालल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, आज राखदाणी घासत होता बरं. पानवाला हसला. न्हावी हसला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्यानं प्रत्येकाला आण घालून, प्रत्येकाला बाजूला घेऊन, तेच सांगितलं होतं. पोस्टमनलासुद्धा. सगळ्या लाखनीला ते बटन माहीत होतं, आणि सगळी लाखनी इमानदारीनं तिकडं पाहत होती. त्याला कोणी बोललं नाही. बोलून त्या बिचाऱ्याचं काय राहिलं असतं?

त्याची बायको फार कमी बोलायची. सकाळी गाडी तीच पुसायची, सांजेला गाडी अंगणात लागली की पुन्हा एकदा फडकं मारायची. नवऱ्याचा संशयी स्वभाव आम्ही चेष्टेवारी नेला की म्हणायची, "संशय घेतात, पण उशिरा घेतात." आम्ही हसायचो. ती हसायची नाही.

एक दिवस भरदुपारी तो अनवाणी पळत दुकानात आला.

"मास्तर, चला. तिले पान लागलं."

आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. जनावरांसाठी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, काढायला ती ढिगाशी गेली होती, तिथं नाग होता. मी कातर हातात घेऊनच निघालो. अंगणात माणसं जमली होती आणि मांत्रिकाकडे न्या म्हणत होती. "त्याचा काय भरोसा?" असं म्हणून यानं बायकोला उचललं. त्या दिवशी त्याचा तो स्वभाव कामाला आला.

मी मागं बसलो, वहिनींचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं राखदाणीमागं हात घातला आणि गाडी सोडली. तिकडं पाहा म्हणाला नाही.

भंडाऱ्याचा दवाखाना गाठायचा होता. वहिनींच्या पापण्या खाली येत होत्या, उचलल्या जात नव्हत्या. काही बोलायला जायच्या, पण जीभ जड झाली होती. वाटेत एका पुलाचं काम चाललं होतं, म्हणून गाड्या खालच्या कच्च्या रस्त्यानं काढल्या होत्या. हा तिथंही वेग सोडेना. एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की माझं डोकं टपाला लागलं. वर येऊन थोडं पुढं गेलो, आणि गाडी खोकली, पुन्हा खोकली, थांबली.

त्यानं चावी फिरवली. टिकटिक नाही. बटन चाचपलं, चालूच होतं. बंद केलं, चालू केलं, तरी पंप गप्प. बोनेट उघडलं, तारा ओढून पाहिल्या. मी रस्त्यावर जाऊन हात केले, पण ट्रक थांबेनात. परत आलो तर हा माझ्याकडे पाहत उभा.

"मास्तर, शिटा तुम्हीच शिवल्या. कोणी हात लावला गाडीले?"

माझं डोकंच फिरलं. "बायको मरून राहिली तुही, अन् तू माह्यावर संशय घेऊन राहिला?" असं मी त्याच्या तोंडावर ओरडलो. तो पुन्हा चावीशी जाऊन बसला.

आत वहिनींचा हात शिटेच्या कडेला खरवडत होता. मला वाटलं विषानं होतंय, म्हणून मी हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, अंगात जोर नसताना, आणि पुन्हा तिथंच खरवडलं. तेव्हा मी खाली वाकून पाहिलं. माझी मशीनची शिवण कडेपर्यंत आली होती, पण बसणाऱ्याच्या गुडघ्यांखाली ती उसवून कोणीतरी हातानं शिवली होती. वाकडेतिकडे टाके आणि हिरवा धागा.

मी कातरीनं टाके तोडले. आत घरातल्या दिव्याचं असतं तसं बटन होतं. गाडी आदळल्यानं त्याचा खटका उडाला होता. मी तो दाबला.

"चावी फिरव," मी म्हटलं. टिकटिक सुरू झाली.

तो मागं वळून त्या धाग्याकडे पाहत राहिला. तिचं पोलकं त्याच हिरव्या धाग्यानं सांधलेलं होतं. मग त्यानं गाडी हाणली, ती दवाखान्याच्या दारातच थांबवली.

इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले असं नर्सनं सांगितलं, तेव्हा तो व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसला. बराच वेळ रडला, मग तोंड धुऊन आला.

"तिच्या भावानं बसवलं असन," तो म्हणाला. तिचा भाऊ नाकाडोंगरीकडे खाणीत वायरमन होता. "सांजेले कापडावरूनच दाबून बंद करे अन् सकाळी मी उठाच्या आधी चालू करे. पुसाचं निमित्त."

त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"बरोबर हाय तिचं. मी सगळ्यायले सांगत फिरतो ना. पहिली गाडी तं मीच चावी देऊन घालवली." मग माझा हात धरून म्हणाला, "मास्तर, तिले शुद्ध नोहती, तिले काही आठवत नसन. ते तसंच शिवून द्या. मले गवसलं हे तिले समजलं नाही पाह्यजे. कोणाचा काही नेम नाही, मी उद्या पुन्हा कोणाले चावी देईन. राहू द्या तिचं."

ती घरी यायच्या आत तिच्या डब्यातलं हिरवं रीळ त्यानं मला आणून दिलं. मी तिच्यासारखे वाकडे टाके घातले. इतकं वाईट शिवायला मला इतका वेळ कधीच लागला नव्हता.

मी वाट पाहत होतो की आता हे लाखनीभर होणार. पानवाला, न्हावी, पोस्टमन, कोणाच्याही तोंडून मला कधीही ऐकू येईल. महिने गेले, वर्षं गेली, कोणीच काही बोललं नाही.

तो गेला त्यानंतर मी भेटायला गेलो होतो. गाडी अंगणातच होती. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तो टाका तुमचा होता. माहा टाका इतका सरळ कधी आला नाही."

मी अंगणातल्या गाडीकडे पाहिलं.

"डोळे उघडत नोहते माहे," त्या म्हणाल्या, "पण आयकू सगळं येत होतं. तुम्ही त्यायच्यावर ओरडले तेही."

"मग त्याला बोलल्या काहून नाही इतके वर्षं?"

"काय बोलाचं? जन्मभर त्या माणसाच्या पोटात एक गोष्ट राह्यली नाही. ही एक राह्यली होती. तेवढी तं राहू द्या म्हटलं."