गाडीतला पांढरा शर्ट

शनिवार, १५ फेब्रुवारी. संध्याकाळी साडेसहा. शारजातल्या अल नहदामधल्या आमच्या इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल. हजर: शिरीषची बायको मेधा, मुलगी इरा, आमच्या मंडळाचे अध्यक्ष साने आणि सानेवहिनी, ऑफिसातली काही मंडळी, इमारतीतली बहुतेक सगळी मराठी घरं, आणि अगदी मागे, चपला दाराबाहेर व्यवस्थित ओळीने काढून, भिंतीला टेकून उभी राहिलेली जबल अलीच्या कामगार कॅम्पमधली माणसं. गैरहजर: ज्याच्यासाठी आम्ही जमलो होतो तो. त्याच्या जागी टेबलावर हार घातलेला एक काउबॉय ठेवला होता.

मी चेष्टा करत नाही. तपकिरी रंगाचा, मुद्दाम जुना दिसेल असा केलेला मोठा फोटो. डोक्यावर रुंद हॅट, अंगात झालरीचा कोट, हातात खोटं पिस्तूल, आणि तोंडभर हसणारा शिरीष. शेवंतीचा हार नेमका पिस्तुलावरून खाली आला होता. साने माईकवर म्हणाले, "आपला शिरीष हा असा होता. एकदम जिंदादिल!" टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सामोशांचा ट्रे होता आणि लोक तेलकट बोटं टेबलावरच्या पांढऱ्या कापडालाच पुसत होते. मला शिसारी आली. शिरीष गेल्याचं दुःख मला आहेच, पण त्या संध्याकाळी दुःखाच्या आधी शिसारीच आली, आणि खरं सांगायचं तर ती अजून गेलेली नाही. कारण शिरीष जिंदादिल नव्हता. माझ्या ओळखीतला तो सर्वांत चिकित्सक, तिरसट, नाक मुरडणारा माणूस होता, आणि म्हणूनच तो मला आवडायचा.

आम्ही दोघं जबल अलीच्या फ्री झोनमध्ये एकाच मालवाहतूक कंपनीत होतो. तो एक्स्पोर्टच्या कागदपत्रांवर, मी ॲडमिनला. वीस वर्षं त्याच्या गाडीतून एकत्र गेलो-आलो. या वीस वर्षांत त्याला ज्या ज्या गोष्टींची किळस वाटली त्यांची नोंद ठेवली असती तर जाडजूड वही झाली असती. लिफ्टमध्ये मारलेलं अत्तर. बुफेत एकाच ताटात पडलेली बिर्याणी आणि पेस्ट्री. दुसऱ्याच्या महागड्या गाडीला टेकून काढलेले फोटो. "इन्शाल्ला" म्हणून टाळलेली बिलं. "शी!" हा त्याचा दिवसातला पहिला शब्द असायचा आणि बहुधा शेवटचाही. ज्या सकाळी तो गेला त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे डबा घेऊन खाली उभी होते. गाडी जागेवरच होती, तो आला नाही. मेधाचा फोन आला. "नीला, तू आज टॅक्सी कर... आणि आधी वर ये." झोपेतच हृदय बंद पडलं होतं. त्यानंतरची कामं मी केली. मला कामं येतात. जबल अलीच्या स्मशानात अग्नी दिला, दाखले काढले, बँकेत गेले. पण फोटोचं काम मंडळाने "आम्ही बघतो" म्हणून घेतलं, आणि मी "बरं" म्हटलं.

फोटोचं काम शिरीषचं होतं. हे मंडळाला माहीत नव्हतं. आमच्या धंद्यात मालाच्या खोक्यांबरोबर कधी कधी मेलेल्या माणसांच्या पेट्याही जातात. खूप वर्षांपूर्वी लांज्याकडच्या एका सुताराची पेटी घेऊन शिरीष स्वतः त्याच्या गावी गेला होता. परत आल्यावर गाडीत म्हणाला, "त्याच्या भिंतीवर फोटो लावलाय. कुठला माहितीय? व्हिसाची झेरॉक्स मोठी करून. गालावर अर्धा शिक्का तसाच. आयुष्यभर त्याची पोरं त्या शिक्क्याला नमस्कार करणार." त्याला त्या शिक्क्याची इतकी घृणा वाटली की त्याच आठवड्यात त्याने एक पांढरा शर्ट विकत घेतला. बेचाळीस साइझ. तो शर्ट इस्त्री करून गाडीच्या मागच्या हुकाला टांगलेला असायचा. सुट्टीच्या दिवशी कॅम्पवर जायचं, गावाकडच्या माणसांना एकेक करून तो शर्ट घालायला लावायचा, सडपातळ माणूस असला की पाठीमागून कपड्याचे चिमटे लावायचे, आणि उजेडात उभं करून एक नीट फोटो काढायचा. "हसू नको, रडू नको. बायकोकडे बघतोस तसा बघ." कुणी कशाला म्हणून विचारलं तर सांगायचा, "घरी पाठव. भिंतीला लागतो." मेल्यावर, हे तो म्हणायचा नाही. पण ते सगळ्यांना समजायचं. संध्याकाळी शर्ट घरी नेऊन स्वतः धुवायचा. मेधाला हात लावू द्यायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी सानेंनी कॅलिफोर्नियाची सहल काढली. सोन्याच्या शोधात लोक जिथे धावले ती गावं आणि तिथल्या डोंगरांतून काढलेली जुनी रेल्वे, असा कार्यक्रम होता. शिरीष आनंदाने तयार झाला. रेल्वे हा त्याचा लहानपणापासूनचा विषय. मी व्यवस्थेत होते, म्हणजे औषधं, पासपोर्टच्या प्रती, ओले टिश्यू. सॅक्रामेंटोला रेल्वेचं मोठं संग्रहालय आहे. इंजिनं इतकी चकचकीत की त्यांत तोंड दिसावं. तिथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले त्या दिवसाचा प्रसिद्ध फोटो मोठा करून लावलाय. दोन इंजिनं समोरासमोर, त्यांच्यावर, पुढे, खाली माणसंच माणसं. शिरीष त्या फोटोला नाक लावून उभा राहिला. नंतर तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाला त्याने विचारलं की डोंगर ज्यांनी फोडला ते चिनी मजूर यात कुठे आहेत. तो सभ्य गृहस्थ होता. ओशाळून म्हणाला की जवळजवळ नाहीतच. शिरीष मागे वळून मला म्हणाला, "दारूच्या बाटल्या आल्यात बघ फोटोत. बाटल्यांना जागा होती."

दुसऱ्या दिवशी सोन्याच्या गावाला गेलो. मला ऐतिहासिक स्थळं आवडतात. माहितीचा फलक मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. पण त्या गावात इतिहास तोंडी लावण्यापुरता होता. लाकडी फुटपाथ, प्रत्येक दारात साखरेचा वास, जुन्या तुरुंगात आइस्क्रीम. एका लांब पत्र्याच्या कुंडात कोमट पाणी भरलेलं, आणि त्यात तवे बुडवून माणसांनी सोनं शोधायचं. वाळू कुठून येत होती? मागून एक मुलगी बादलीतून ओतत होती, सोन्याचे कण आधीच मिसळलेली. पाण्यावर सनस्क्रीनचा तवंग आणि कुणाचं तरी च्युइंगम. सानेवहिनी किंचाळल्या, "मिळालं! अहो, मिळालं!" तो कण काचेच्या नळीत घालून त्यांना विकण्यात आला. पंधरा डॉलर. "म्हणजे पंचावन्न दिरहम, म्हणजे साडेबाराशे रुपये. आठवण म्हणून काय वाईट आहे!" असं त्या बसमध्ये सगळ्यांना सांगत होत्या. शिरीषला त्यांनी नळी दाखवली तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, हे सोनं नाही. खरकटं आहे." त्या दिवसभर बोलल्या नाहीत. पण त्याच संध्याकाळी त्यांनी सूड घेतला, सगळ्यांना फोटो स्टुडिओत नेऊन.

तो स्टुडिओ म्हणजे शिरीषच्या सगळ्या किळसांचं संमेलन होतं. भिंतभर कोट, झगे, हॅटी. शेकडो लोकांनी घातलेले, न धुतलेले, काखेत पांढरे डाग पडलेले. त्या कोटांना पाठच नसते. पुढून कोट, मागून नाड्या आणि चिमटे, म्हणजे कुणालाही पटकन अडकवता येतात. शिरीष नको नको म्हणत असताना सानेंनी त्याला धरलं आणि वहिनींनी तो कोट चढवला. "यल्ला शिरीष, एवढं काय! खरकटं नाहीये हे!" सगळे हसले. तो श्वास रोखून उभा होता, मला समोरून दिसत होतं. फोटोवाला ओरडला, "लूक मीन! लूक मीन!" म्हणजे दुष्ट दिसा. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात प्रत्येक कॅमेऱ्यापुढे तोंड वाकडं केलं, त्याला कुणीतरी पहिल्यांदाच तोंड वाकडं करायला सांगत होतं. त्याला हसू फुटलं. अनावर. तेवढ्यात फोटो निघाला... तो हा फोटो.

तिसऱ्या दिवशी सिएराच्या घाटातला रेल्वेचा जुना बोगदा पाहिला. आता तिथून गाडी जात नाही, माणसं चालत जातात. कठीण खडक हातांनी फोडलाय, पहारीच्या खुणा अजून आहेत, आणि त्या खुणांवर लोकांनी स्प्रेने आपापली नावं लिहिली आहेत. मुताचा वास येत होता. आमच्या मंडळींनी तिथे नाचून रील केलं. शिरीषने एक न रंगवलेली खूण शोधून त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसाच राहिला. मी टिश्यू पुढे केला. त्याने घेतला नाही. हे त्याच्या बाबतीत नवीन होतं. बसकडे परत जाताना म्हणाला, "नीला, माझा शर्टपण तसलाच ना गं?"

"कसला?"

"त्या कोटासारखा. पुढून शर्ट, मागून चिमटे."

मी म्हणाले, "काहीतरी बोलू नकोस. तू धुतोस तो." त्यावर तो हसला नाही. "धुतो. पण त्यांचा नाहीये ना तो."

त्यानंतर शिरीषने तो शर्ट कुणालाही घालायला दिला नाही. फोटो काढणं सुरूच राहिलं, फक्त आता विचारायचा, "तुझा शर्ट कुठला?" मग खाटांखालच्या ट्रंका उघडल्या जायच्या. चौकटीचे लाल, लग्नातले चमकते, एकाने क्रिकेटची जर्सी घातली. शिरीषला ते रंग बघवत नसत. गाडीत बसल्यावर म्हणायचा, "शी! काय तो पिवळा! पण त्याचा आहे." पांढरा शर्ट मात्र त्याने हुकावरून काढला नाही. मी एकदा म्हटलं की धूळ बसतेय, आत ठेवू या. "राहू दे," म्हणाला, "मला दिसायला हवा."

आता शोकसभेच्या नंतरचं. मंडळाने ती तसबीर "सप्रेम भेट" म्हणून मेधाच्या घरी आणून भिंतीवर ठोकूनही दिली. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी दचकायचा, मग हसायचा, मग हसू आवरून मेधाचं सांत्वन करायचा. पाचव्या दिवशी मेधा मला म्हणाली, "नीला, हे काढ. दुसरा लाव. याच्यापुढे मला रडता येत नाही." इरा तिथेच होती. ती म्हणाली, "बट ही लुक्स हॅपी हिअर, मावशी. द ओन्ली वन." पोरगी खोटं बोलत नव्हती. मी घरातले सगळे अल्बम, दोघींचे फोन, त्याचा कॅमेरा, सगळं पाहिलं. कॅमेऱ्यात शेकडो माणसं, उजेडात नीट उभी. तो स्वतः एकातही नाही. अल्बममध्ये आहे तिथे नाक मुरडलेलं. मुंजीत मुरडलेलं, लग्नात मुरडलेलं, बारशात तर डोळेही मिटलेले. उरला पासपोर्टचा फोटो, आणि तो मी लावणार नव्हते, हे सांगायला नको. काउबॉयचा चेहराच कापून घ्यावा म्हणून दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "हबीबी, टोपी नहीं निकलेगी. टोपी निकालूँगा तो माथा मुझे बनाना पड़ेगा." शिरीषचं कपाळ कुणा परक्याने बनवायचं! मी परत आले.

मग संतोषचा फोन आला. संतोष जबल अलीत फोर्कलिफ्ट चालवतो, लांज्याचाच आहे, शोकसभेत मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांपैकी एक. "ताई, थयसर बोललो नाय, मोठी मानसा होती. पन तो दादांचा फोटो बरा नाय."

मी म्हणाले, "बरा नाहीच. तुझ्याकडे दुसरा आहे का?" उगाच विचारलं.

"आहे ना. मी बोललेलो, पयले तुमी उभे ऱ्हावा, मग मी. तर उभे ऱ्हायले. माझ्या मोबाइलात काढलाय."

मी विचारलं, "हसलाय?"

"नाय वो."

"तोंड वाकडं केलंय?"

"नाय ताई. हसले पन नाय, आन तोंड पन वाकडा नाय. असे... माझ्याकडं बघतायत."

तो मोबाइल मात्र इथे नाही. जुना झाला म्हणून त्याने गावी बायकोला दिला. त्याचा पडदा गेलाय, आतलं सगळं शाबूत आहे असं तो म्हणतो. त्याच्या बायकोला चार्जर लावता येतो पण दुकानात दुसऱ्याच्या हाती फोन द्यायला ती तयार नाही, आणि तिचं बरोबर आहे. संतोष स्वतः रजेवर गावी गेला की समोर बसून दुरुस्त करून घेणार.

काउबॉय मी खाली आणला. तो शिरीषच्या गाडीच्या डिकीत पालथा ठेवलाय. टाकून द्यायला इरा नको म्हणाली. गाडी विकायची आहे, तोवर बॅटरी उतरू नये म्हणून मीच ती घेऊन ऑफिसला जाते. ब्रेक दाबला की मागच्या हुकावरचा पांढरा शर्ट पुढे येतो आणि आरशात कुणीतरी वाकून विचारतंय असं वाटतं. गेल्या रविवारी मी तो घरी नेला, धुतला, इस्त्री केली, आणि परत तिथेच टांगला. मेधाच्या भिंतीवर खिळा रिकामा आहे. ती त्याच्याखाली संध्याकाळी निरांजन ठेवते.

व्हिसा झाला, बँक झाली, विजेचं बिल झालं, विम्याचा क्लेम गेला. फोटो राहिलाय. संतोषची रजा अजून मंजूर झालेली नाही.